सातबाऱ्यावरील नाव आणि अनुदानाचा हक्क : एक अभ्यास



आपल्या स्मरणिकेत दरवर्षी धम्म, शिक्षण, आरोग्य आणि चळवळीचा इतिहास यांवर लेख येतात. या वेळी अभ्यासवर्गाच्या वतीने आम्ही एक वेगळा विषय घेत आहोत. तो म्हणजे शेतकऱ्यांना सरकारकडून मिळणारे अनुदान. माझगावात राहणाऱ्या माणसाला शेतीच्या अनुदानाशी काय करायचे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या प्रत्येकाच्या घरातील ट्रंकेत आहे. आपल्यापैकी बहुतेकांचे आजे-पणजे रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग या भागांतून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले. कोणी गोदीत लागला, कोणी गिरणीत, कोणी महानगरपालिकेत. ताडवाडीच्या बी.आय.टी. चाळींत आणि आसपासच्या वस्त्यांत त्यांच्या पिढ्या वाढल्या. पण गावची दहा-वीस गुंठे जमीन सुटली नाही. तिचा सातबारा आजही गावी आहे आणि त्यावर बहुधा अशा माणसाचे नाव आहे, ज्याचे निधन होऊन पन्नास वर्षे झाली. सरकारी अनुदानाचा पैसा त्या कागदावरच्या नावाने चालतो. म्हणून हा विषय गावाकडच्या नातेवाइकांचा आहे, तितकाच आपलाही आहे.

१. राज्याचे कर्तव्य : कूटदन्त सुत्त

सरकारने शेतकऱ्याला पैसा का द्यावा? काही लोक याला फुकटेपणा म्हणतात. यावर भगवान बुद्धांचा विचार पाहणे उपयुक्त ठरेल. दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात महाविजित नावाच्या राजाची कथा आहे. राजाला मोठा यज्ञ करायचा असतो. त्याचा पुरोहित त्याला सांगतो की, राज्यात चोऱ्या-दरोडे होत आहेत, अशा वेळी लोकांवर नवा कर बसवणे योग्य नाही. चोरांना ठार मारून किंवा तुरुंगात टाकून हा उपद्रव संपणार नाही, कारण जे मागे उरतील ते पुन्हा त्रास देतील. जे शेती आणि पशुपालन करतात त्यांना बी-बियाणे व चारा द्यावा, जे व्यापार करतात त्यांना भांडवल द्यावे, जे राजसेवेत आहेत त्यांना योग्य वेतन द्यावे. मग लोक आपापल्या कामात गुंततील, राज्याचे उत्पन्न वाढेल आणि लोक घराची दारे उघडी ठेवून सुखाने राहतील.

यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली, शेतकऱ्याला दिलेले बियाणे ही भीक नसून राज्याच्या सुस्थितीचा पाया आहे. दुसरी, मदत कष्ट करणाऱ्याला त्याच्या कामाचे साधन म्हणून द्यायची आहे. चक्कवत्तिसीहनाद सुत्तातही निर्धनांना धन न दिल्यामुळे दारिद्र्य वाढते आणि दारिद्र्यातून चोरी व हिंसा वाढते, ही साखळी सांगितली आहे. अनुदानाच्या कोणत्याही योजनेकडे पाहताना हीच कसोटी आपण लावू : हा पैसा कष्ट करणाऱ्याच्या हाती पोहोचतो का?

२. अनुदानाचे तीन प्रकार

विद्यार्थ्यांनी प्रथम अनुदानाचे प्रकार समजून घ्यावेत.

पहिला प्रकार वस्तूतून मिळणाऱ्या अनुदानाचा. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला गेली अनेक वर्षे सुमारे २६६ रुपयांना मिळते. तिचा खरा खर्च याहून कितीतरी अधिक असून फरक केंद्र सरकार खत कंपन्यांना देते. हे अनुदान शेतकऱ्याला दिसत नाही, पण मिळते. मात्र जो जास्त गोण्या घेतो त्याला ते जास्त मिळते. दहा गुंठेवाल्याच्या वाट्याला अर्धी गोणी येते.

दुसरा प्रकार कामावर आधारलेल्या अनुदानाचा. विहीर खणली, पंप बसवला, कलमे लावली, तर ठरलेली रक्कम मिळते. महाराष्ट्रात १९९० पासून रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवडीला अनुदान सुरू झाले. कोकणात आंबा-काजूच्या ज्या बागा वरकस जमिनीवर उभ्या राहिल्या, त्यांत या योजनेचा मोठा वाटा आहे. २०१८-१९ पासून राज्यात भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आहे. तिच्यात अनुदान तीन वर्षांत ५०, ३० व २० टक्के असे मिळते, आणि पुढचे हप्ते झाडे जगली तरच मिळतात. कोकणात यासाठी किमान दहा गुंठे जमीन पुरते.

तिसरा प्रकार थेट खात्यात जमा होणाऱ्या रकमेचा. प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजना १ डिसेंबर २०१८ पासून लागू झाली आणि तिचा आरंभ २४ फेब्रुवारी २०१९ रोजी झाला. सुरुवातीला ती दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांसाठी होती. २०१९ च्या मध्यात ती सर्व जमीनधारक शेतकरी कुटुंबांना लागू झाली. वर्षाला सहा हजार रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत मिळतात. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये नमो शेतकरी महासन्मान निधी योजना आणून त्यात आणखी सहा हजारांची भर घातली. असे वर्षाचे बारा हजार होतात.

इथे एक साधा हिशेब करावा. बारा हजार रुपये प्रत्येक कुटुंबाला सारखेच आहेत. वीस एकरवाल्याला ते एकरी सहाशे पडतात. अर्ध्या एकरावर भात आणि नाचणी पिकवणाऱ्या कुटुंबाला मात्र ते बियाणे, नांगरणी आणि लावणीच्या मजुरीसाठी खरा आधार ठरतात. तेलंगणात २०१८ मध्ये सुरू झालेल्या रयतु बंधू योजनेत सुरुवातीला एकरी चार हजार रुपये दर हंगामाला दिले गेले. तिथे ज्याची जमीन जास्त त्याला रक्कम जास्त. युरोपात शेतीला दिल्या जाणाऱ्या थेट रकमेपैकी सुमारे ८० टक्के रक्कम सुमारे २० टक्के मोठ्या शेतकऱ्यांकडे जाते, कारण तिथेही मोजमाप मुख्यतः क्षेत्रावर आहे. मोजमाप कुटुंबावर की क्षेत्रावर, यावर लाभ कोणाचा हे ठरते. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ मध्ये भारतातील लहान शेतजमिनींवर जो निबंध लिहिला, त्यात जमीन किफायतशीर आहे की नाही हे तिच्या आकारावरून ठरत नाही, तिच्यावर लावलेले भांडवल आणि श्रम यांच्या प्रमाणावरून ठरते, असे दाखवून दिले होते. आपल्या तरुणांनी तो निबंध अवश्य वाचावा. आपल्याकडे जमीन थोडी आहे, म्हणून ती निरुपयोगी आहे, ही समजूत त्याने दूर होईल.

३. कागदावर नाव येण्यासाठी झालेला लढा

या सर्व योजनांत एक अट समान आहे. सातबाऱ्यावर नाव पाहिजे. आता आपल्या समाजाच्या बाबतीत या अटीचा अर्थ काय, तो पाहू.

कोकणात खोती होती. गावचा सारा खोत गोळा करी आणि कसणारा त्याच्या मर्जीवर जगे. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईत कौन्सिल हॉलवर शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा गेला. त्यात अस्पृश्य आणि कुणबी खांद्याला खांदा लावून चालले. अलिबाग तालुक्यातील चरीचा शेतकऱ्यांचा संप त्याच काळातला. ते विधेयक त्या वेळी संमत झाले नाही. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ चा, म्हणजे स्वातंत्र्यानंतरचा.

दुसरी गोष्ट महार वतनाची. वतनाची जमीन आपली म्हणवली जाई, पण तिच्या बदल्यात गावाची रात्रंदिवस चाकरी करावी लागे. १८७४ च्या वतन कायद्याने हे बंधन पक्के केले होते. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये त्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले आणि वतन म्हणजे गुलामगिरीचा कागद आहे, हे समाजाला पटवून दिले. पुढे १९५८ च्या कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करण्याच्या कायद्याने वतन संपले. शेतसाऱ्याच्या ठरावीक पटीत रक्कम भरणाऱ्या वतनदाराला तीच जमीन पुन्हा देण्यात आली. ज्यांना ती रक्कम भरता आली नाही, किंवा ज्यांना ही गोष्ट कळलीच नाही, त्यांची नावे मागे पडली. ज्यांना जमीन मिळाली त्यांच्या सातबाऱ्यावर नवीन शर्त किंवा भोगवटादार वर्ग २ अशी नोंद असते. अशी जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. पण ती आपलीच जमीन असते आणि तिच्यावर शेतीच्या योजनांचा लाभ घेता येतो. वर्ग २ हा शब्द पाहून कित्येक घरांनी जमीन सरकारची समजून सोडून दिली. तसे करू नये.

म्हणजे ज्या नावासाठी एवढा लढा झाला, ते नाव आज आपल्या सातबाऱ्यावर आहे. पण ते आजोबा-पणजोबांचे आहे, हयात माणसाचे नाही.

४. एका सातबाऱ्याची कथा

अभ्यासवर्गात आम्ही एकदा सर्वांना आपापल्या गावचा सातबारा आणायला सांगितले. एका सभासदाने आणलेला उतारा बत्तीस गुंठ्यांचा होता. त्यावर त्यांच्या पणजोबांचे नाव होते. पणजोबांना चार मुलगे. दोघे गोदीत लागले, एक लालबागच्या गिरणीत, चौथा गावी राहिला. आज वारस मोजले तर सतरा होतात. सतरापैकी शेतात उभी राहणारी एकच व्यक्ती, चौथ्या भावाच्या नातवाची विधवा पत्नी. ती भात लावते, बांध घालते, घरपट्टी भरते. तिने किसान सन्मान निधीचा अर्ज केला तेव्हा जमीन तिच्या नावावर नाही म्हणून तो परत आला. वारस नोंद करून आणा, असे तिला सांगण्यात आले. ती मुंबईला आली, घरोघर फिरली. तिला मृत्यूचे दाखले हवे होते आणि वारसांच्या सह्या हव्या होत्या.

मुंबईकरांनी काय केले? कोणी म्हणाले, पुढच्या गणपतीत गावी आलो की पाहू. कोणी म्हणाले, हिला जमीन लाटायची आहे. सही केली तर आपला हिस्सा जाईल, ही भीती प्रत्येकाच्या मनात होती. पाच वर्षे गेली. वर्षाला सहा हजार धरले तरी तीस हजार रुपये त्या बाईच्या घरी आले नाहीत. ते खोताने अडवले नव्हते, सावकारानेही नाही. ते आम्ही, तिच्याच रक्ताच्या माणसांनी अडवले होते. तो उतारा वर्गात वाचताना आम्हांला हे प्रथम कळले आणि आम्ही सारे गप्प झालो, कारण असे उतारे आणखी चार जणांच्या हातात होते.

मग आम्ही वारस नोंद म्हणजे काय ते वाचले. वारस नोंदीने कोणाचा हिस्सा कमी होत नाही आणि वाढतही नाही. मृताच्या नावाच्या जागी सर्व कायदेशीर वारसांची नावे लागतात, एवढेच. हिस्सा सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र हा वेगळा दस्त असतो आणि तो नोंदणीकृत करावा लागतो. वारस नोंदीच्या अर्जावरची सही म्हणजे हक्कसोड नव्हे. हे समजल्यावर सह्या झाल्या. पणजोबांच्या मृत्यूचा दाखला मुंबईतल्या एका घरात जुन्या रेशनकार्डाच्या घडीत निघाला. काही महिन्यांनी फेरफार मंजूर झाला. मागचे हप्ते काही मिळाले नाहीत, पुढचे सुरू झाले.

५. वारस नोंद कशी करावी

विद्यार्थ्यांनी आपल्या घरच्यांसाठी ही माहिती वहीत उतरून घ्यावी.

(अ) प्रथम गाव नमुना सात-बारा आणि आठ-अ हे दोन्ही उतारे काढावेत. सातबाऱ्यात एका गटाची जमीन, धारकांची नावे आणि पिके दिसतात. आठ-अ मध्ये एका खातेदाराची त्या गावातील सर्व जमीन दिसते. हे उतारे आता संगणकावर मिळतात, त्यासाठी गावी जावे लागत नाही.

(आ) मृत खातेदाराचा मृत्यू दाखला, सर्व वारसांची नावे व नाते सांगणारे प्रतिज्ञापत्र आणि ओळखीचे पुरावे जोडून तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, अर्ज द्यावा. वारसाने आपला हक्क तीन महिन्यांच्या आत कळवावा, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ सांगते. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, पण प्रत्येक पिढीगणिक दाखले वाढत जातात.

(इ) फेरफाराची नोंद झाली की हितसंबंधितांना नोटीस जाते व हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर सुनावणी होते. निर्णय मान्य नसल्यास उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येते.

(ई) वारसांत मुली, बहिणी आणि विधवा यांची नावे घालणे हा त्यांच्यावर उपकार नाही. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला मुलाच्या बरोबरीचा वडिलोपार्जित हक्क दिला. स्त्रियांच्या या हक्कासाठी बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलाची लढाई केली आणि १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. त्यांचे नाव घेणाऱ्या घरात बहिणीचे नाव लपवले जाऊ नये.

(उ) १ एप्रिल २०२५ पासून राज्यात जिवंत सातबारा मोहीम राबवण्यात आली. तिचा उद्देश हाच होता, मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावणे. आपल्या गावात ती नोंद झाली का, हे प्रत्येकाने तपासावे. झाली असल्यास कोणाचे नाव सुटले आहे का, तेही पाहावे.

(ऊ) किसान सन्मान निधीसाठी १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन नावावर असणे ही मूळ अट आहे. त्यानंतर विकत किंवा बक्षीस मिळालेल्या जमिनीवर लाभ मिळत नाही, पण मृत्यूनंतर वारसाने आलेल्या जमिनीला ही अट आड येत नाही. सामाईक खात्यातील प्रत्येक पात्र कुटुंब स्वतंत्रपणे अर्ज करू शकते. बँक खाते आधारशी जोडलेले असणे आणि ई-केवायसी पूर्ण असणे आवश्यक आहे. २०२५ पासून राज्यातील शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांकही लागतो, आणि तोही सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यालाच मिळतो.

६. जे आपले नाही ते घेऊ नये

हक्क सांगताना कर्तव्यही सांगितले पाहिजे. पंचशीलातील दुसरे शील न दिलेले घेण्यापासून विरत राहण्याचे आहे. किसान सन्मान निधीतून काही कुटुंबे वगळली आहेत. मागील वर्षी आयकर भरलेले, शासकीय, निमशासकीय आणि सरकारी कंपन्यांतील आजी-माजी कर्मचारी, महानगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थांचे नियमित कर्मचारी, दरमहा दहा हजार किंवा अधिक निवृत्तिवेतन घेणारे, तसेच व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, अभियंते यांना हा लाभ नाही. चतुर्थ श्रेणीच्या आजी-माजी कर्मचाऱ्यांना नोकरीच्या आणि निवृत्तिवेतनाच्या अटीतून सूट आहे. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान मुले. म्हणून पतीने आयकर भरला असेल तर पत्नीच्या नावानेही अर्ज करता येत नाही.

मुंबईत राहणाऱ्या आपल्या सभासदांना हा नियम फार जवळचा आहे. सातबाऱ्यावर नाव आहे, म्हणून काही जणांनी अर्ज केला आणि हप्ते घेतले. पुढे तपासणीत अशा अपात्र लोकांकडून देशभर वसुली झाली. पैसे परत करावे लागतील म्हणून नव्हे, तर शेत कसणाऱ्याचा पैसा न कसणाऱ्याने घेणे हा दोष आहे म्हणून आपण सावध राहिले पाहिजे. ज्यांनी चुकून घेतला असेल त्यांनी तो परत करावा. त्यात कमीपणा नाही.

याच विचाराने पुढचे पाऊल टाकता येईल. जो मुंबईकर गावी कधीच शेती करणार नाही, त्याने आपला हिस्सा गावी कसणाऱ्या भावजयीला किंवा पुतण्याला रीतसर कसायला द्यावा आणि सामाईक जमिनीवर विहीर किंवा बाग करण्यासाठी आपली संमती लिहून द्यावी. सामाईक खात्यात इतर धारकांच्या संमतीशिवाय अशी कामे अडतात. वाटप करायचे असल्यास संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे अर्ज करता येतो.

अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आहे. २०१७ मध्ये तिच्यात नव्या विहिरीसाठी अडीच लाख रुपये होते, २०२४ मध्ये ते चार लाख करण्यात आले. पंप, वीजजोडणी, जुन्या विहिरीची दुरुस्ती, ठिबक यांसाठीही वेगळ्या रकमा आहेत. चौकशी जिल्हा परिषदेच्या कृषी विभागात करावी. जातीचा दाखला नीट असावा. राज्यात नवबौद्धांना १९६० पासून सवलती आहेत, तर केंद्राने १९९० मध्ये कायदा करून बौद्धांना अनुसूचित जातींत धरले. सातबारा, आधार आणि जातीचा दाखला या तिन्हींवर नाव एकाच रीतीने लिहिलेले असावे, नाहीतर अर्ज तिथेच अडतो.

७. दूरच्या देशातील धडा

कागदावरच्या नावाने पैसा वाटला की काय होते, याचा एक अनुभव अमेरिकेतला आहे. १९३३ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने कापसाचे भाव सावरण्यासाठी कायदा केला. शेतकऱ्याने कापसाचे क्षेत्र कमी करावे आणि त्याबद्दल सरकारने पैसे द्यावेत, अशी व्यवस्था झाली. करार जमीनमालकाशी होता, म्हणून पैसे मालकाच्या हाती गेले. दक्षिणेकडील शेते कसणारे बटाईदार गोरे होते तसे काळेही होते. त्यांचा वाटा मालकाने त्यांना द्यावा, अशी अपेक्षा होती. अनेक मालकांनी तो दिला नाही. उलट क्षेत्र कमी झाल्याने बटाईदारांना घराबाहेर काढले. तेव्हा आर्कान्सा राज्यातील टायरोन्झा गावी जुलै १९३४ मध्ये अकरा गोरे आणि सात काळे कष्टकरी एकत्र बसले आणि त्यांनी बटाईदारांची संघटना उभी केली. रंगभेदाच्या त्या काळात हे मोठे धैर्य होते.

पुढे काळ्या शेतकऱ्यांनी सरकारच्या शेतीखात्यावर कर्जवाटपातील भेदभावाबद्दल दावा केला. १९९९ मध्ये त्यात तडजोड होऊन नुकसानभरपाई मान्य झाली आणि २०१० मध्ये राहिलेल्यांसाठी आणखी सव्वाशे कोटी डॉलरची तडजोड झाली. ही भरपाई मिळेपर्यंत कित्येकांची जमीन हातून गेली होती. योजना कागदावर सर्वांसाठी सारखी असली, तरी ज्याचे नाव नाही आणि ज्याची संघटना नाही, त्याच्या वाट्याला काही येत नाही, हे यावरून शिकावे.

८. ज्यांना सातबाराच नाही

आतापर्यंत आम्ही ज्यांची थोडी तरी जमीन आहे त्यांच्याविषयी लिहिले. पण आपल्या समाजातील फार मोठा भाग मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्रात भूमिहीन शेतमजूर आहे. शेतात सर्वांत जास्त घाम त्यांचा पडतो आणि शेतकऱ्याच्या नावाने निघालेल्या थेट रकमेतला एक रुपयाही त्यांना मिळत नाही. दुसऱ्याची जमीन तोंडी बोलीने बटाईवर करणाऱ्याचीही हीच स्थिती आहे.

कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या, ही त्यांची मागणी होती. हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. त्यांच्याच नावाने राज्यात २००४ पासून सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन द्यावी, असे तिचे स्वरूप आहे. आधी निम्मे अनुदान आणि निम्मे बिनव्याजी कर्ज होते. २०१८ पासून पूर्ण रक्कम अनुदान म्हणून दिली जाते. विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना प्राधान्य आहे. पण जमीन सरकारने बाजारातून विकत घ्यायची आहे आणि जिरायतीला एकरी पाच लाख, बागायतीला आठ लाख अशी कमाल किंमत ठरलेली आहे. रस्त्यालगतच्या आणि पाण्याखालच्या जमिनीचे भाव याच्या कितीतरी वर असल्यामुळे विकणारा मिळणे कठीण जाते. भावाची मर्यादा जमिनीच्या खऱ्या भावाशी जोडावी, ही मागणी आपण सर्वांनी मिळून केली पाहिजे.

ओडिशा सरकारने २०१८ च्या अखेरीस जाहीर केलेल्या कालिया योजनेत भूमिहीन शेतमजूर कुटुंबांनाही शेळीपालन, कुक्कुटपालन, मधमाशीपालन यांसाठी साडेबारा हजार रुपये ठेवले होते. म्हणजे जमीन नसलेल्या कष्टकऱ्याला शेतीच्या योजनेत धरता येते, हे एका राज्याने दाखवले आहे. कूटदन्त सुत्तातील राजाला पुरोहिताने सातबारा पाहायला सांगितले नव्हते. जो शेती करतो त्याला बियाणे द्या, असे सांगितले होते. बाबासाहेबांनीही १९४७ मधील आपल्या निवेदनात शेती हा राज्याचा उद्योग असावा आणि ती सामुदायिक रीतीने केली जावी, असे सुचवले, कारण जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हा भेदच त्यांना नको होता.

९. समारोप

आम्ही काही मोठी गोष्ट मागत नाही. येत्या वर्षात प्रत्येक सभासदाने एवढेच करावे : आपल्या गावचा सातबारा काढावा, त्यावरची नावे वाचावीत, मृतांचे दाखले शोधून एका पाकिटात ठेवावेत आणि गावी कसणाऱ्याला फोन करून सांगावे की, सही कुठे करायची ते सांग, मी येतो. संघाच्या अभ्यासवर्गात दर महिन्याला उतारे वाचण्याचा आणि अर्ज लिहून देण्याचा उपक्रम चालू ठेवण्याचा आमचा विचार आहे. शिकलेल्या मुला-मुलींनी त्यात यावे. जुन्या फेरफारातली अक्षरे वाचता येणे हेही एक शिक्षण आहे. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हा बाबासाहेबांचा संदेश आपण जयंतीला ऐकतो. बत्तीस गुंठ्यांवर एकटीने लावणी करणाऱ्या त्या भगिनीसाठी त्याचा अर्थ एक सही, एक दाखला आणि गाडीचे एक तिकीट इतकाच होता, आणि तेवढे करायला आम्हांला पाच वर्षे लागली. पुढच्या घराला तेवढी वर्षे लागू नयेत.

अभ्यासासाठी प्रश्न

१. सातबारा आणि आठ-अ यांत फरक काय? आपल्या घरचा उतारा पाहून लिहा.
२. वारस नोंद आणि हक्कसोडपत्र या वेगळ्या गोष्टी कशा आहेत?
३. कुटुंबामागे सारखी रक्कम आणि एकरामागे रक्कम, यांपैकी लहान शेतकऱ्याला कोणती पद्धत हिताची? हिशेब करून सांगा.
४. आपल्या कुटुंबातील कोण किसान सन्मान निधीस पात्र आहे आणि कोण नाही? कारणे द्या.
५. भूमिहीन शेतमजुराला अनुदान द्यायचे असेल तर त्याची नोंद कोणत्या कागदावर करता येईल? गटात चर्चा करा.

नमो बुद्धाय. जय भीम.